खडक झिजला, मनोरा टिकला

समुद्रात बांधकाम करणाऱ्याला एकाच वेळी तीन आघाड्यांवर लढावे लागते. लाट बाहेरून आदळते, खारे पाणी बांधकामाच्या अंगात मुरते आणि ज्या भूमीवर ते उभे असते ती भूमी खालून झिजत जाते. पहिला शत्रू डोळ्यांना दिसतो, दुसरा काही वर्षांनी जाणवतो. तिसरा मात्र बहुधा फार उशिरा लक्षात येतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेलेले स्थापत्य अभियंते जॉन स्मीटन यांचे आयुष्य या तिन्ही शत्रूंशी झुंजण्यात गेले. पहिल्या दोघांवर त्यांनी मात केली. तिसऱ्याने मात्र त्यांना हयातीत एकदा आणि मृत्यूनंतर एकदा हरवले. आज कोणताही धक्का, जेटी वा सागरी पूल उभारताना जे सिमेंट वापरले जाते, त्याची वंशावळ शोधत मागे गेले तर वाट १७५६ साली प्लिमथ येथील एका घराशी येऊन पोहोचते. त्या घरात मुक्कामास असलेले स्मीटन चुन्याचे लहान लहान गोळे करून पाण्यात टाकत होते आणि ते विरघळतात की घट्ट होतात, याची नोंद ठेवत होते.

स्मीटन यांचा जन्म ८ जून १७२४ रोजी लीड्सजवळच्या ऑस्थॉर्प या गावी झाला. वडील विल्यम स्मीटन वकील होते आणि मुलानेही आपलाच व्यवसाय पुढे चालवावा, अशी त्यांची स्वाभाविक इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र लहानपणापासून हत्यारे, चाके आणि पंप यांच्याकडे. लीड्सच्या शाळेतील शिक्षण आटोपल्यावर १७४२ मध्ये त्यांना कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला पाठविण्यात आले. तेथे त्यांचे मन रमले नाही. अखेर वडिलांनी मुलाचा कल मान्य केला आणि स्मीटन यांनी गणिती व शास्त्रीय उपकरणे बनविण्याचा व्यवसाय पत्करला. होकायंत्र, हवा काढून घेणारा पंप अशा उपकरणांत त्यांनी केलेल्या सुधारणांची विद्वानांनी दखल घेतली आणि १७५३ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे पाणचक्क्या व पवनचक्क्यांच्या शक्तीवर प्रतिकृतींच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांसाठी १७५९ मध्ये सोसायटीचे मानाचे कॉप्ली पदकही त्यांना मिळाले.

उपकरणे बनविणाऱ्या या तरुणाची प्रयोगाची सवय हीच पुढे त्याची खरी पुंजी ठरली. परंपरेने सांगितले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारायची नाही. ती मोजून, तोलून, करून पाहायची, ही त्यांची रीत होती. १७५५ मध्ये त्यांनी हॉलंड व बेल्जियमच्या भूभागाचा प्रवास केला. समुद्राला बांध घालून राहणाऱ्या त्या मुलखातील कालवे, बंदरे आणि पाण्यातील बांधकामे त्यांनी बारकाईने पाहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस घडलेल्या एका दुर्घटनेने त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण दिले.

प्लिमथ बंदरापासून सुमारे २२ किलोमीटर अंतरावर, इंग्लिश खाडीच्या तोंडाशी एडिस्टन नावाचा खडकांचा समूह आहे. भरतीच्या वेळी हे खडक जवळजवळ पाण्याखाली जातात. त्यावर आपटून किती जहाजे बुडाली याची गणती नाही. या खडकावर हेन्री विन्स्टनली यांनी १६९८ मध्ये पहिले दीपगृह उभारले. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळात ते पूर्णपणे वाहून गेले. त्या रात्री विन्स्टनली स्वतः दीपगृहात होते. त्यांचा मागमूसही लागला नाही. त्यानंतर जॉन रुडयर्ड यांनी प्रामुख्याने लाकडाचे, शंकूच्या आकाराचे दुसरे दीपगृह बांधले. ते लाटांना पुरून उरले. पण डिसेंबर १७५५ मध्ये त्याच्या माथ्यावरील कंदिलाच्या भागात आग लागली आणि ते जळून खाक झाले. एक दीपगृह पाण्याने नेले, दुसरे आगीने. तिसरे कोणी बांधावे, असा सल्ला मालकांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड मॅकल्सफील्ड यांना विचारला. त्यांनी स्मीटन यांचे नाव सुचविले. स्मीटन यांचे वय तेव्हा एकतीस होते आणि त्यांनी तोवर एकही मोठी इमारत बांधलेली नव्हती.

स्मीटन यांनी आरंभीच ठरविले की हे दीपगृह दगडाचे असेल. लाकडी मनोरा हलका म्हणून लाटेच्या धक्क्याबरोबर लवतो आणि त्यामुळेच टिकतो, असे मानणारे जाणकार तेव्हा बरेच होते. स्मीटन यांचा विचार वेगळा होता. लाटेला तोंड द्यायचे तर वजन हवे, आणि ते वजन तळाशी जास्तीत जास्त हवे. ओकच्या वृक्षाचे खोड जसे मुळांपाशी पसरट असते आणि वर निमुळते होत जाते, तसा आकार त्यांनी मनोऱ्याला दिला. तळाचा व्यास सुमारे ८ मीटर, माथ्याशी सुमारे ५ मीटर आणि उंची सुमारे २२ मीटर. बाहेरच्या अंगाला कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट आणि आत पोर्टलंडचा चुनखडक, अशी दगडांची निवड होती. ग्रॅनाइट कठीण, लाटांचा मारा सोसणारा. पोर्टलंडचा दगड घडवायला सोपा.

उरला प्रश्न तो हे दगड एकमेकांना आणि खडकाला बांधून ठेवण्याचा. खडकाचा माथा उतरता होता. स्मीटन यांनी तो पायऱ्यापायऱ्यांनी तासून घेतला आणि त्यात खाचा कोरल्या. प्रत्येक दगडाचे टोक पुढे रुंद होत जाणाऱ्या जिभेसारखे घडविले आणि ते शेजारच्या दगडाच्या किंवा खडकाच्या खाचेत असे बसविले, की ते वरून आत उतरते, पण आडवे ओढून बाहेर येत नाही. थराथरांमध्ये संगमरवराचे ठोकळे अर्धे खालच्या व अर्धे वरच्या थरात बसवून एक थर दुसऱ्यावर सरकणार नाही याची तजवीज केली. असे सुमारे दीड हजार दगड प्लिमथच्या मिलबे येथील आवारात घडविले जात, थर जुळवून पाहिला जाई आणि मगच ते बोटीने खडकाकडे रवाना होत.

एवढ्याने भागणार नव्हते. दोन दगडांमधली दरज भरायला जो चुना वापरायचा तो पाण्याखाली टिकेल का, हा खरा प्रश्न होता. साधा, शुद्ध चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. त्याला पाण्यात ठेवले तर तो घट्ट तर होत नाहीच, उलट धुऊन जातो. एडिस्टनच्या खडकावर गवंड्याने दरज भरल्यावर काही तासांतच भरती येणार आणि लाट त्या ओल्या चुन्यावर आदळणार. अशा जागी दरजेत चुना उरला नाही, तर पाणी आत शिरते आणि लाटेच्या दाबाने दगडांना आतून उचकटू लागते.

प्लिमथमध्ये स्मीटन हे विल्यम कुकवर्दी या रसायनतज्ज्ञ औषधविक्रेत्याच्या घरी उतरले होते. तेथेच त्यांनी चुन्याचे प्रयोग आरंभले. निरनिराळ्या गावच्या चुनखडीचा चुना भाजून, पाण्यात विरवून, त्याचे सुमारे दोन इंच व्यासाचे गोळे ते वळत आणि जरा आवळल्यावर पाण्यात सोडत. दगड जितका कठीण तितका त्याचा चुना बळकट, हा समज रोमन काळापासून चालत आलेला होता. विट्रुव्हियससारख्या प्राचीन ग्रंथकाराचा त्याला आधार होता आणि गवंड्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी तो प्रमाण मानलेला होता. स्मीटन यांना आढळले ते विपरीतच. प्लिमथच्या कठीण संगमरवराचा चुना आणि मऊ खडूचा चुना पाण्यात सारखेच निकामी ठरले. याउलट, वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील ॲबरथॉ येथील चुनखडीचा चुना पाण्याखालीही घट्ट होत गेला.

असे का व्हावे? येथे कुकवर्दींचे ज्ञान कामी आले. त्यांनी दाखविलेल्या पद्धतीने स्मीटन यांनी चुनखडीचे तुकडे नायट्रिक आम्लात विरघळविले. शुद्ध चुनखडी पूर्णपणे विरघळून गेली. ॲबरथॉच्या चुनखडीचा मात्र तळाशी गाळ उरला. तो गाळ वाळवून, त्याचा गोळा करून भाजला तेव्हा त्याची वीट झाली. अर्थात ती चिकणमाती होती. पाण्यात घट्ट होणाऱ्या चुन्याचे रहस्य दगडाच्या कठीणपणात नसून त्यात मिसळलेल्या चिकणमातीत आहे, हा निष्कर्ष स्मीटन यांनी काढला. दीड हजारांहून अधिक वर्षे प्रमाण मानलेला समज एका साध्या प्रयोगाने मोडीत निघाला.

आज त्यामागचे रसायन आपल्याला ठाऊक आहे. चिकणमातीतील सिलिका आणि ॲल्युमिना भट्टीच्या उष्णतेत चुन्याशी संयोग पावतात आणि त्यातून तयार होणारी संयुगे हवेची वाट न पाहता थेट पाण्याशी अभिक्रिया करून कठीण होतात. ज्वालामुखीच्या राखेतही अशी क्रियाशील सिलिका विपुल असते. इटलीत नेपल्सच्या आसपास मिळणारी ही राख, म्हणजे पोझोलाना, रोमन लोकांनी बंदरांच्या बांधकामात सढळ हाताने वापरली होती. आपल्याकडेही जुन्या विहिरी आणि हौदांसाठी घाणीत मळलेल्या चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालण्याची रीत होती. तीमागचे तत्त्वही हेच. भाजलेली माती चुन्याला पाण्यात उभे राहायला शिकवते, हे कारागिरांना अनुभवाने माहीत होते. का शिकवते, याचा शोध स्मीटन यांनी घेतला.

एडिस्टनसाठी त्यांनी दुहेरी खबरदारी घेतली. ॲबरथॉचा चुना आणि इटलीतील चिव्हिटावेक्किया बंदरातून आलेला पोझोलाना हे दोन्ही समप्रमाणात मिसळले. हा पोझोलाना त्यांना प्लिमथमध्येच मिळाला, हा योगायोग. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलासाठी खपेल या आशेने एका व्यापाऱ्याने तो मागविला होता आणि तो तसाच पडून होता. मिश्रण लागेल तसे, थोडे थोडे, खडकावरच मळले जाई. दरज भरल्यावर तिच्या बाहेरच्या तोंडावर लगेच घट्ट होणाऱ्या प्लास्टर ऑफ पॅरिसचा लेप देत, म्हणजे आतला चुना आवळेपर्यंत लाटेपासून त्याचा बचाव होई.

ऑगस्ट १७५६ मध्ये खडकावर प्रत्यक्ष काम सुरू झाले. वर्षातले उन्हाळ्याचे काही महिने आणि त्यातही ओहोटीचे मोजके तास एवढाच वेळ हाती असे. कामगार खडकाजवळ नांगरलेल्या जहाजावर राहत. फ्रान्सशी युद्ध पेटलेले असल्याने आरमाराचे लोक बंदरातील धडधाकट माणसांना पकडून जबरदस्तीने नौदलात भरती करीत. आपले कारागीर त्यांच्या तावडीत सापडू नयेत म्हणून एडिस्टनच्या कामगारांना ओळख पटविणारी खास पदके देण्यात आली. मुख्य कारागीर जोसायस जेसप यांच्या खांद्यावर दैनंदिन कामाची मोठी जबाबदारी होती. पण स्मीटन स्वतः वारंवार खडकावर हजर असत. एकदा तोल जाऊन ते खडकांवर पडले आणि त्यांच्या अंगठ्याचा सांधा निखळला. जवळ वैद्य नव्हता. त्यांनी स्वतःच अंगठा जोराने ओढून जागेवर बसविला आणि काम पुढे चालू ठेवले.

पायाचा पहिला दगड १२ जून १७५७ रोजी बसविण्यात आला. दगडी काम ऑगस्ट १७५९ मध्ये संपले आणि १६ ऑक्टोबर १७५९ च्या रात्री मनोऱ्याच्या माथ्यावर २४ मेणबत्त्या उजळल्या. मनोऱ्याचा खालचा भाग पूर्णपणे भरीव होता. वर दीपपालांच्या खोल्या होत्या. या खोल्यांच्या घुमटाकार तक्तपोशीचा भार भिंतींना बाहेर ढकलू नये म्हणून स्मीटन यांनी भिंतीत लोखंडी साखळ्यांची कडी बसविली. ज्या खोबणीत ती बसविली तिच्यात वितळलेले शिसे ओतून त्यांनी लोखंड पूर्णपणे झाकून टाकले. समुद्राच्या हवेत उघडे लोखंड किती काळ टिकेल याची त्यांना कल्पना होती.

हा तपशील आजच्या वाचकाला विशेष अर्थपूर्ण वाटावा असा आहे. आजच्या सागरी बांधकामांत काँक्रीटच्या पोटात पोलाद असते. काँक्रीटच्या अल्कधर्मी सान्निध्यात पोलादावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो असेतोवर गंज चढत नाही. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपत पोलादापर्यंत पोहोचले, की तो थर तुटतो. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या कित्येक पट असल्याने काँक्रीट आतून फुटू लागते, भेगांतून आणखी पाणी शिरते आणि ऱ्हासाला वेग येतो. सतत पाण्याखाली असलेल्या भागापेक्षा जेथे लाटांचे तुषार उडतात, जेथे पृष्ठभाग आळीपाळीने भिजतो आणि वाळतो, तेथे हा ऱ्हास सर्वाधिक असतो. कारण तेथे क्षार साठत जातात आणि गंजाला लागणारा प्राणवायूही भरपूर मिळतो. मुंबईकरांना याचे उदाहरण दूर शोधायला नको. १९७३ मध्ये वाहतुकीला खुल्या झालेल्या पहिल्या ठाणे खाडी पुलाच्या काँक्रीटमधील ताण दिलेल्या पोलादी तारांना गंज लागला आणि १९९० च्या दशकात शेजारी दुसरा पूल बांधावा लागला.

यावरचा उपायही स्मीटन यांच्या चुन्याच्या गोळ्यांशी नाते सांगणारा आहे. औष्णिक वीज केंद्रातील राख किंवा पोलाद कारखान्यातील मळीची भुकटी सिमेंटमध्ये मिसळली, की ती सिमेंटमधील मोकळ्या चुन्याशी संयोग पावते, छिद्रे बारीक होतात आणि क्लोराइडचा प्रवेश मंदावतो. समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम व सल्फेटच्या माऱ्यालाही असे काँक्रीट अधिक चांगले तोंड देते. काँक्रीटच्या कामासाठीच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस ४५६ च्या, २००० सालच्या आवृत्तीत समुद्राच्या पाण्यातील काँक्रीटसाठी मळीचे किंवा पोझोलानायुक्त सिमेंट हितकारक असल्याचे नमूद केले आहे. पोलादयुक्त काँक्रीट असेल तर ते किमान एम ३० दर्जाचे असावे, अशी अटही आहे.

एडिस्टनच्या यशाने स्मीटन यांची कीर्ती देशभर पसरली. १७६२ च्या आरंभीच्या भीषण वादळात मनोरा अभंग राहिला, तेव्हा शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्यांनी पूल, कालवे, बंदरे, पाणचक्क्या आणि वाफेची यंत्रे यांची असंख्य कामे केली. स्कॉटलंडमधील कोल्डस्ट्रीम आणि पर्थ येथील पूल, १७६८ मध्ये आरंभलेला फोर्थ-क्लाइड कालवा आणि रॅम्सगेटचे बंदर ही त्यांतील काही ठळक नावे. रॅम्सगेटला पाण्याखालच्या कामासाठी त्यांनी ओतीव लोखंडाची पेटी वापरली. तिच्यात वरून पंपाने हवा पुरविली जाई आणि माणसे आत बसून समुद्रतळाशी काम करीत. लष्करी अभियंत्यांहून वेगळा असा नागरी कामे करणारा अभियंता, म्हणजे सिव्हिल इंजिनिअर, ही ओळख त्यांनी आपल्या नावापुढे लावली आणि १७७१ मध्ये अशा अभियंत्यांची पहिली संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. जोसायस जेसप यांच्या निधनानंतर त्यांचा मुलगा विल्यम याला त्यांनी आपल्या हाताखाली तयार केले. तोही पुढे नामांकित अभियंता झाला.

वाहते पाणी पाया कसा पोखरते, हे स्मीटन यांना चांगले ठाऊक होते. जुन्या लंडन पुलाची मधली कमान रुंद केल्यावर तेथील प्रवाह वाढला आणि शेजारच्या खांबांचा तळ खरवडला जाऊ लागला, तेव्हा स्मीटन यांना तातडीने बोलावण्यात आले. शहराच्या पाडलेल्या वेशींचे दगड विकत घेऊन ते ताबडतोब नदीत टाका, असा सल्ला त्यांनी दिला आणि त्याने पूल वाचला. पण असे ज्ञान असलेल्या माणसालाही नदीने चकविले. टाईन नदीवर हेक्सहॅम येथे त्यांनी नऊ कमानींचा पूल बांधला. तो १७८० मध्ये पूर्ण झाला आणि मार्च १७८२ मध्ये एका रात्रीच्या महापुरात कोसळला. कमानींमध्ये दोष नव्हता, दगडात नव्हता, चुन्यातही नव्हता. खांब ज्या नदीतळावर टेकले होते त्या तळाची वाळू-गोटे वेगवान प्रवाहाने उपसून नेले. त्यांच्या कारकिर्दीतील हे सर्वांत जिव्हारी लागलेले अपयश होते. पुढे १७९३ मध्ये त्याच जागी रॉबर्ट मिल्न यांच्या देखरेखीखाली, पायाच्या संरक्षणाची अधिक तजवीज करून, पुन्हा पूल उभा राहिला.

उतारवयात स्मीटन यांनी एडिस्टनच्या बांधकामाचा सविस्तर वृत्तांत लिहिला आणि १७९१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चुन्याचे प्रयोग, त्यातील फसलेले आणि जमलेले नमुने, हे सारे त्यांनी खुलेपणाने मांडले. आपल्या मिश्रणाचा टणकपणा उत्तम पोर्टलंड दगडाच्या तोडीचा होईल, असा विश्वासही त्यात व्यक्त केला होता. हे ज्ञान पेटंट घेऊन दडवून ठेवावे असे त्यांना वाटले नाही. पुढे फ्रान्समध्ये लुई व्हिका यांनी चुनखडी आणि चिकणमाती ठरावीक प्रमाणात मिसळून असा चुना कृत्रिमरीत्या तयार केला. १८२४ मध्ये लीड्सच्याच जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंट या नावाचे पेटंट घेतले. आजचे सिमेंट त्या मूळ सिमेंटहून बरेच वेगळे आहे. पण चुना आणि चिकणमातीची जोडी कायम राहिली.

सप्टेंबर १७९२ मध्ये ऑस्थॉर्प येथील आपल्या बागेत फिरत असताना स्मीटन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि २८ ऑक्टोबर १७९२ रोजी त्यांचे निधन झाले. जवळच्याच व्हिटकर्कच्या चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. त्यांच्या मनोऱ्याचा कित्ता गिरवत रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत बेल रॉकवर बांधलेले दीपगृह १८११ मध्ये उजळले. एडिस्टनच्या मनोऱ्यातील मेणबत्त्यांची जागा १८१० मध्ये तेलाच्या दिव्यांनी घेतली. मनोरा उभाच होता.

मग १८७० च्या दशकात एक गंभीर बाब पुढे आली. मोठी लाट आदळली की मनोरा थरथरू लागला होता. तपासणीत आढळले, की मनोऱ्याचे दगडी काम उत्तम स्थितीत आहे. ज्या खडकावर तो उभा आहे तो खडकच लाटांनी खालून पोखरला आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ समुद्राने मनोऱ्यावर हल्ला केला आणि त्याच वेळी तो मनोऱ्याच्या पायाखालीही काम करीत राहिला. मनोरा जड होता, अखंड होता, लाटेपुढे लवत नव्हता. साहजिकच लाटेचा प्रत्येक धक्का खडकात उतरत होता. जेम्स डग्लस यांनी शेजारच्या भक्कम खडकावर सुमारे ४९ मीटर उंचीचे नवे दीपगृह बांधले आणि १८८२ मध्ये ते सुरू झाले. स्मीटन यांच्या मनोऱ्याने तोवर सुमारे १२२ वर्षे सेवा दिली होती.

जुना मनोरा पाडून टाकावा असे मात्र कोणाला वाटले नाही. प्लिमथच्या नागरिकांनी वर्गणी गोळा केली, मनोऱ्याचा वरचा भाग दगड दगड सुटा करून किनाऱ्यावर आणण्यात आला आणि शहराच्या होव टेकाडावर पुन्हा उभारण्यात आला. १८८४ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तो मनोरा आज प्लिमथची ओळख बनला आहे. खालचा भरीव बुंधा मात्र समुद्रातच राहिला. खडकात गुंफलेले ते दगड सोडविणे सोपे नव्हते. लाटांचे धक्के झेलणारी उंची डोक्यावरून उतरल्यावर तो बुंधा त्याच पोखरलेल्या खडकावर, डग्लस यांच्या दीपगृहाच्या शेजारी, आजही उभा आहे.

सागरी बांधकामाच्या शास्त्राने स्मीटन यांच्या काळापासून मोठी मजल मारली आहे. आता पाया घेण्यापूर्वी समुद्रतळाला खोल छिद्रे पाडून खडकाचे नमुने काढले जातात, खांबांचे बूड खडकात रोवले जाते, आजूबाजूच्या तळावर दगडांचे आच्छादन घातले जाते. पूल उभा राहिल्यावरही पाणबुडे आणि ध्वनिलहरींची यंत्रे तळाची पाहणी करीत राहतात. काँक्रीटचे मिश्रण प्रयोगशाळेत तपासता येते. समुद्रतळाची तपासणी मात्र बांधकाम उभे आहे तोवर दरवर्षी नव्याने करावी लागते. अशा तपासणीवर होणारा खर्च कोणाच्या नजरेत भरत नाही आणि म्हणून कपातीची कुऱ्हाड बहुधा प्रथम त्यावरच चालते. एडिस्टनवर वेळीच तपासणी झाली, म्हणून मनोरा आणि त्यातील माणसे दोन्ही वाचली. हेक्सहॅमच्या पुलाला ती संधी मिळाली नव्हती.